कमांडो, रेतीचे पोते आणि मे महिन्याचे ऊन

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातला एक बुधवार. संध्याकाळची ओपीडी आटोपत आली होती. एकोणीस वर्षांचा एक मुलगा आला. दोन दिवसांपासून ताप, घशात दुखते, अंग मोडून आल्यासारखे वाटते, अशी तक्रार. घसा लाल होता, ताप १०१ होता. बाकी काही विशेष आढळले नाही. मी नेहमीच्या गोळ्या लिहून दिल्या, पाणी पीत राहा, आराम कर, असे सांगितले. जाता जाता दारातून वळून त्याने विचारले, "सर, शनिवारपर्यंत बरा होईन ना?" मी "होशील, होशील" म्हणालो आणि पुढच्या पेशंटला आत बोलावले. शनिवारी काय आहे, ते काही मी विचारले नाही.

शनिवारी साडेअकराच्या सुमाराला त्याच मुलाला चौघांनी जीपमधून उचलून आणले. डोळे उघडे, पण ओळख नाही. हातपाय झाडत होता, काहीतरी बरळत होता. अंगावरचा बनियन घामाने चिंब होता. त्याचे मित्र म्हणाले, "सर, ऊन नाही लागलं त्याला. ऊन लागलं की अंग कोरडं पडतं ना? याला तर घाम येऊन राहिला." काखेत थर्मामीटर लावून उपयोग नव्हता. गुदद्वारातून ताप घेतला तो १०७ भरला. समोरच्या रसवंतीवरून बर्फाची लादी आणवली, मागच्या अंगणात ताडपत्री पसरून तिचे चारही काठ माणसांना धरायला लावले, त्यात मुलाला निजवले आणि बर्फाचे पाणी ओतत, ढवळत राहिलो. अर्ध्या तासात ताप १०२ वर आला. मगच त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले. तोवर एकदा लघवी झाली होती. तिचा रंग कोऱ्या चहासारखा होता.

मागाहून हकिगत कळली ती अशी. ही पाच मुले सैन्यभरतीची तयारी करणारी. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात, तशी आपल्या जिल्ह्यात गावोगावी पळतात. त्यातल्या एकाच्या मोबाइलवर कमांडोंच्या निवडीचे व्हिडिओ होते. पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढणारे जवान, चिखलात लोळणारे जवान, झोप न घेता पाच दिवस काढणारे जवान. ते पाहून यांनी ठरवले की आपणही दर शनिवारी 'कमांडो डे' करायचा. प्रत्येकाच्या पाठीवर वीस किलो रेतीचे पोते, गाव ते टेकडीवरचे देऊळ आणि परत, मिळून अठरा किलोमीटर. निघायचे होते पाचला, निघाले साडेसहाला. नऊनंतर हा मागे पडू लागला. मित्र ओरडत होते, "कमांडो थांबत नसते!" त्याला उलटी झाली, तरी थांबला नाही. मग चुकीच्या वाटेला लागला, मित्राला भलत्याच नावाने हाक मारली. त्यावर सगळे हसले. साडेदहाला तो कोसळला.

हे सगळे सविस्तर सांगितले, कारण कमांडोंची निवड म्हणजे काय, याविषयी आपल्या मुलांची जी समजूत आहे ती अर्धवट आहे. जे अर्धे पडद्यावर दिसते ते ओझे, चिखल आणि आरडाओरडा. जे दिसत नाही ते आरोग्यशास्त्राच्या पोटात येते. म्हणून आजचा लेख.

या प्रकारच्या निवडीचा आद्य नमुना म्हणजे ब्रिटिशांची एसएएस ही तुकडी. ती १९४१ साली उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात उभी राहिली. १९५० च्या दशकात तिने निवडीची जी पद्धत बसवली, ती आजही मोठ्या प्रमाणात तशीच चालते आणि अनेक देशांनी ती उचलली. इंग्लंडला लागून असलेल्या वेल्स प्रांतात ब्रेकन बीकन्स नावाचे डोंगर आहेत. सर्वांत उंच शिखर पेन-इ-फॅन, उंची ८८६ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून थोडे जास्त. उंचीने काही नाही, पण हवा घटकेत बदलते. तेथे उमेदवाराला नकाशा, होकायंत्र आणि पिट्ठू देऊन एकटे सोडतात. ओझे आणि अंतर आठवड्यागणिक वाढवत नेतात. शेवटची चाल सुमारे ६४ किलोमीटरची, पंचवीस किलोच्या आसपास ओझे, शिवाय रायफल आणि पाणी, वेळ वीस तास. आणि गंमत अशी की तेथे कोणी ओरडत नाही. टप्प्यावरचा प्रशिक्षक उमेदवाराला पुढचा ठिकाणा सांगतो, बस्स. शाबासकी नाही, शिवी नाही, तू वेळेत आहेस की नाही हेही सांगत नाही. माणूस स्वतःहून चालत राहतो का, एवढेच पाहायचे असते. आमच्या मुलांच्या 'कमांडो डे'मध्ये होता तो आरडाओरडा येथे नाहीच.

आपल्याकडे पॅराशूट रेजिमेंटच्या स्पेशल फोर्सेस बटालियन आहेत. त्यांत जायचे तर आधी सैनिक असावे लागते, स्वतः होऊन नाव द्यावे लागते आणि मग सुमारे तीन महिन्यांची परीक्षेची मुदत काढावी लागते. त्यात नाव दिलेल्यांपैकी बहुतेक परत जातात. नौदलाच्या मरीन कमांडोंचे, म्हणजे 'मार्कोस'चे मूळ ठाणे आयएनएस अभिमन्यू हे मुंबईतच आहे. ही तुकडी १९८७ सालची. मराठी माणसाचा या गोष्टीशी संबंध तर फार जुना. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाईलजवळ छत्रीने उतरलेली दुसरी पॅरा बटालियन ही मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण. आज ती स्पेशल फोर्सेसमध्ये गणली जाते. एकविसावी पॅरा स्पेशल फोर्सेस हीही मूळची मराठा पलटणच. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक या एकविसाव्या पॅराचे; नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्याच्या जंगलात ते कामी आले. तेव्हा आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर ही स्वप्ने असली तर त्यात नवल नाही आणि वावगेही नाही.

आता शरीराचे गणित पाहू.

स्नायू काम करतात तेव्हा त्यांना मिळालेल्या शक्तीचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामाला लागतो. बाकीची सगळी उष्णता होते. सत्तर किलोचा माणूस जोरात चढण चढत असेल आणि ही उष्णता बाहेर टाकायची सोयच नसेल, तर पाच-सात मिनिटांत त्याच्या शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढेल. तसे होत नाही, कारण घाम येतो आणि वाळतो. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण घाम वाळला तरच. जो घाम टपकून पडतो किंवा पोत्याखाली दबून राहतो, तो वाया गेला. पोत्याने पाठ झाकली जाते, म्हणजे शरीराची सर्वांत मोठी खिडकी बंद होते. त्यात हवा दमट असली की वाळणे आणखी मंदावते. कष्टाच्या कामात तासाला लिटर-दीड लिटर घाम जातो, पण आतड्यांतून पाणी शोषले जाते ते तासाला साधारण लिटरभरच. म्हणजे कितीही पाणी प्या, काही तासांनी खाते तुटीत जातेच.

तापमान चाळीस अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर गेले आणि मेंदूचे काम बिघडू लागले, की त्याला श्रमाचा उष्माघात म्हणायचे. म्हाताऱ्या माणसांना उन्हाळ्यात घरात बसल्या बसल्या जो उष्माघात होतो, त्यात अंग बहुधा कोरडे पडते. तरुण, धडधाकट माणसाला कष्ट करताना होतो त्यात घाम चालूच असतो. आमच्या मुलांची चूक येथेच झाली, आणि ती नेहमी होते. खरी खूण घाम नाही, वागणे आहे. चालता चालता झोकांड्या जाणे, चिडणे, असंबद्ध बोलणे, रस्ता चुकणे, साध्या प्रश्नाला उत्तर न देता येणे. मित्र ज्यावर हसले, तेच खरे लक्षण होते.

एवढ्या अनुभवी एसएएसलाही हे चुकले आहे. १३ जुलै २०१३. ब्रेकन बीकन्सवर राखीव दलाच्या उमेदवारांची निवड चालू होती. त्या दिवशीची चाल २६ किलोमीटरची, पाठीवर सुमारे बावीस किलो, वर रायफल. तो दिवस त्या वर्षातल्या सर्वांत गरम दिवसांपैकी एक होता. गरम म्हणजे किती? सत्तावीस अंशांच्या आसपास. आपल्याकडे इतक्या तापमानाला लोक स्वेटर काढून ठेवतात. पण ती माणसे त्या उन्हाला सरावलेली नव्हती आणि ओझे घेऊन वेळेशी झुंजत होती. दुपारपर्यंत काही जणांना उष्णतेच्या त्रासामुळे बाहेर काढावे लागले होते. ब्रिटिश सैन्याच्या स्वतःच्या लेखी नियमाप्रमाणे तेथेच थांबून चाल पुढे न्यायची की नाही, हे ठरवायला हवे होते. चाल चालू राहिली. दोघे त्याच दिवशी डोंगरावर गेले. तिसऱ्याचे एकेक इंद्रिय निकामी होत जाऊन ३० जुलैला रुग्णालयात प्राण गेला.

प्रत्येकाच्या अंगावर जागा दाखवणारे यंत्र होते. ठाण्यावरच्या पडद्यावर एक ठिपका बराच वेळ हलत नव्हता. ठिपका थांबला याचा अर्थ माणूस विसावा घेतो आहे की पडला आहे, हे त्यावरून कळत नाही. २०१५ मध्ये मृत्यूच्या चौकशीचा निर्णय आला. त्यात निष्काळजीपणाचा ठपका ठेवला गेला. चाल घेणाऱ्यांना उष्णतेविषयीच्या नियमांची नीट माहितीच नव्हती, असे निघाले. २०१६ मध्ये ब्रिटनच्या सुरक्षा-आरोग्य खात्याने त्यांच्या संरक्षण खात्याची अधिकृत निर्भर्त्सना केली. पुढे २०१८ मध्ये लष्करी न्यायालयात दोघांवर खटला चालला, ते निर्दोष सुटले. कायद्याचे काय ते असो. डॉक्टर म्हणून मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. निवडीत ज्या गुणासाठी माणूस घ्यायचा, म्हणजे त्रास झाला तरी न थांबणे, तोच गुण उष्माघातात त्याचा वैरी होतो. मेंदू तापला की आपण बिघडलो आहोत, हे त्या मेंदूलाच कळत नाही. म्हणून थांबण्याचा निर्णय चालणाऱ्यावर सोडता येत नाही. तो बाजूला उभ्या असलेल्या माणसाने घ्यायचा असतो.

याच डोंगरावर थंडीनेही माणूस गेला आहे, आणि साधासुधा नव्हे. ओमानमधल्या मीरबात येथे १९७२ साली मूठभर जवानांनिशी मोठा हल्ला परतवून लावणारे मेजर माइक केली १९७९ च्या फेब्रुवारीत, उमेदवारांबरोबर चालताना थंडीने गारठून मृत्यू पावले. शौर्याचे पदक छातीवर असले तरी शरीराचे नियम वेगळे होत नाहीत.

आता तापाकडे येतो, कारण माझी चूक तेथे आहे.

अमेरिकेच्या नौदलाचे 'सील' कमांडो कॅलिफोर्नियातल्या कोरोनाडो येथे तयार होतात. त्यांच्या शिक्षणात एक आठवडा असा असतो की साडेपाच दिवसांत मिळून सुमारे चार तास झोप मिळते, दोनशे मैलांहून जास्त पळणे होते आणि बराचसा वेळ थंड समुद्राच्या पाण्यात जातो. ज्याला सोडून जायचे त्याने तेथली पितळी घंटा तीनदा वाजवायची. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका चोवीस वर्षांच्या उमेदवाराने हा आठवडा पुरा केला आणि काही तासांतच, ४ फेब्रुवारीला, तो मरण पावला. कारण न्यूमोनिया. हृदयाचा आकार वाढलेला होता, तेही साहाय्यक कारण ठरले. आठवड्यात त्याला श्वासाचा त्रास झाला होता, प्राणवायूही द्यावा लागला होता. तरी तो पुढे गेला आणि शेवटी खोलीवर पाठवला गेला. वैद्यकीय देखरेखीत त्रुटी होत्या, असे चौकशीत निघाले. आता तेथे आठवडा संपल्यावर चोवीस तास उमेदवार वैद्यकीय नजरेखाली राहतात आणि हृदयाची तपासणीही जास्त काटेकोर केली आहे.

ताप म्हणजे शरीराने स्वतः होऊन तापमान वर नेऊन ठेवलेले असते. त्यावर कष्टाची उष्णता चढली की वरची मर्यादा लवकर गाठली जाते. शिवाय तापातून उठलेल्या माणसात पाणी आणि क्षार आधीच कमी असतात. विषाणूच्या तापात कधी कधी हृदयाच्या स्नायूलाही सूज असते, ती बाहेरून कळत नाही. ताप आला असेल तर तो उतरल्यावरही निदान आठवडाभर जोराचे पळणे बंद, हे मी आता प्रत्येक तरुण पेशंटला सांगतो. त्या बुधवारी सांगितले नव्हते. "आराम कर" असे म्हटले होते. पण एकोणीस वर्षांच्या मुलाला आराम म्हणजे दोन दिवस कॉलेजला न जाणे एवढेच कळते. आणि तापाच्या गोळीने उष्माघाताचा ताप उतरत नाही, हेही येथे सांगून ठेवतो. तो ताप वेगळ्या जातीचा. त्याला फक्त थंड पाणी लागते.

पोटाविषयी थोडे. अमेरिकन सैन्याच्या रेंजर शिक्षणक्रमाचा त्यांच्याच शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात अभ्यास केला. आठ आठवड्यांत मुद्दाम कमी खाणे आणि कमी झोप. जवानांचे वजन सरासरीने पंधरा टक्क्यांहून जास्त घटले. अंगातली चरबी चौदा टक्क्यांवरून सहाच्या खाली गेली. पुरुषी संप्रेरकाचे प्रमाण पार तळाला गेले आणि जंतुसंसर्ग वाढले. म्हणून नंतरच्या तुकड्यांचा शिधा थोडा वाढवला, तेव्हा संसर्ग कमी झाले. म्हणजे उपाशी राहून माणूस कणखर होत नाही. तेथे उपासमार ही परीक्षा होती, तीसुद्धा ठरावीक मुदतीची आणि नंतर भरपेट खायला घालणारी. आपल्याकडची मुले मात्र सकाळी उपाशीपोटी पळतात, दोन चहा-बिस्किटांवर दुपार काढतात आणि संध्याकाळी पुन्हा ग्राउंडवर जातात, वर्ष वर्ष. चणे, शेंगदाणे, गूळ, अंडी, दूध, डाळ-भाकरी यांपैकी जे घरात असेल ते वेळेवर आणि पोटभर, एवढे केले तरी पुष्कळ. डबाबंद प्रोटीनच्या मागे लागून बापाचे पैसे घालवू नयेत.

मनाचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत फोर्ट ब्रॅग येथे जवानांना शत्रूच्या कैदेत पडल्यास कसे वागायचे याचे शिक्षण देतात. त्यात खोटी, पण भयंकर उलटतपासणी होते. शास्त्रज्ञांनी त्या वेळी रक्त तपासले. स्पेशल फोर्सेसच्या जवानांच्या रक्तात न्यूरोपेप्टाइड वाय नावाचे, मेंदूला शांत ठेवणारे द्रव्य इतरांपेक्षा जास्त आढळले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते पूर्वीच्या पातळीवर आले. बाकीच्यांचे मात्र पूर्वीपेक्षाही खाली गेलेले. ताण सर्वांनाच आला होता. फरक पडला तो सावरण्यात. आता हा गुण जन्मजात किती आणि कमावलेला किती, हे वेगळे. पण सावरायला झोप लागते, आणि रात्री बारापर्यंत मोबाइल पाहून चारला उठणाऱ्या मुलाने आपल्या मनाच्या ताकदीबद्दल फार बोलू नये, असे मला वाटते. हे थोडे रागाने लिहिले आहे.

आपल्या भरतीच्या मैदानांवरही माणसे गेली आहेत. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या पाच किलोमीटर धावण्यात काही उमेदवार दगावले, आणि मग अंतर कमी करावे लागले. २०२४ मध्ये झारखंडात दहा किलोमीटरच्या धावण्यात दहाहून अधिक तरुण गेले. आज महाराष्ट्र पोलीस काय किंवा सैन्य काय, मुलांसाठी धावणे १६०० मीटरचे आहे. सहा मिनिटांच्या आसपासचा खेळ. त्यासाठी रेतीचे पोते पाठीवर घेऊन अठरा किलोमीटर चालण्याची गरज काय, हा प्रश्न मी त्या मुलांच्या अकॅडमीच्या मास्तरांना विचारला. ते म्हणाले, "सर, आमी नाही सांगितलं. पोट्टे मनानंच करतेत." खरे असेल.

मग करायचे काय? उन्हाला शरीर सरावते, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. पहिल्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटे हलके पळणे, मग रोज थोडे वाढवणे. सरावलेल्या माणसाला घाम लवकर येतो, जास्त येतो आणि त्यात मीठ कमी जाते. मध्ये आठ-दहा दिवस खंड पडला की सराव विरू लागतो, पुन्हा खालून सुरू करायचे. मे महिन्यात साडेसातनंतर ग्राउंडवर कोणी नको. पाणी तहानेप्रमाणे, थोडे थोडे. लिंबू, मीठ, साखर घातलेले असेल तर उत्तम. स्पर्धा लावल्यासारखे नुसते पाणी पाच-सहा लिटर ढोसले तर रक्तातले मीठ उतरून झटके येतात, असेही पेशंट मी पाहिले आहेत. ओझे घेऊन चालायचेच असेल तर ते सैन्यात गेल्यावर, तेथले लोक शिकवतील तेव्हा. कसलेल्या, पूर्ण वाढलेल्या जवानालाही शरीराच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतचे ओझे पुरे मानतात. पंचावन्न किलोच्या पोराने पहिल्याच दिवशी वीस किलो घेतले, तर तेथेच ती मर्यादा ओलांडली. गुडघ्याखालच्या हाडाला पुढच्या बाजूला एकाच बिंदूवर दुखत असेल तर पळणे थांबवून दाखवा. हाडाला बारीक चीर असू शकते.

आपल्या विदर्भात, तसेच नंदुरबारकडे, सिकलसेलचे प्रमाण बरेच आहे. ज्याला आजार नाही, पण रक्तात वाहकपणा आहे, त्यालाही जोराच्या कष्टात स्नायू विरघळण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. अमेरिकन सैन्यातल्या हजारो जवानांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हा धोका सुमारे दीडपट दिसला. परंतु पाणी, विसावा आणि उन्हाचे नियम सर्वांना सक्तीचे असलेल्या त्या सैन्यात वाहक जवानांचे मृत्यू इतरांपेक्षा जास्त नव्हते. म्हणून वाहक असल्यास घाबरून स्वप्न सोडू नये, पण रक्त तपासून आपल्याला माहीत करून घ्यावे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

भरतीच्या आदल्या दिवशी 'दम वाढवणारे' इंजेक्शन मागायला मुले येतात. अशी औषधे हृदयाची लय बिघडवतात, घाम अडवतात किंवा रक्त घट्ट करतात. त्यातले बरेच काही मैदानाबाहेर कोण विकतो, ते पोलिसांना ठाऊक असावे. सीलच्या उमेदवारांचीही अशा औषधांसाठी तपासणी सुरू झाली आहे.

आणि कोणी कोसळलाच, बरळू लागला, तर गाडीची वाट पाहत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, जे पाणी असेल ते अंगभर ओता, वारा घाला. विहिरीचा हौद, गुरांचे टाके जवळ असेल तर मानेपर्यंत त्यात बसवा आणि डोके धरून ठेवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. अर्ध्या तासात ताप उतरला तर बहुतेक वाचतात. आधी थंड करायचे, मग हलवायचे. आमच्या मुलाला मित्रांनी झाडाखाली निजवून तोंडावर पाणी शिंपडले आणि जीपसाठी पाऊण तास वाट पाहिली. ज्या शेतात तो पडला होता, त्याच्या बांधावर मोटारपंप चालू होता.

मुलगा वाचला. विरघळलेल्या स्नायूंचे द्रव्य मूत्रपिंडात अडकून ती बंद पडली होती. चार वेळा डायलिसिस करावे लागले. तिसऱ्या आठवड्यात लघवी सुटली. पाच एकर कोरडवाहू शेतीतले अर्धा एकर विकले गेले. दिवाळीनंतर त्याचे रिपोर्ट सुधारले. जानेवारीत बाप त्याला घेऊन आला आणि म्हणाला, "डाक्टरसाहेब, एकदा सांगून टाका. पळू द्यू का नाही?"

एकदा असा उष्माघात झालेल्या माणसाला पुन्हा होण्याची भीती काही काळ राहते. इस्रायलच्या सैन्यात अशा जवानाला चाळीस अंशांच्या खोलीत दोन तास पट्ट्यावर चालवून त्याचे तापमान पाहतात आणि मग ठरवतात. तशी सोय माझ्याकडे नाही. मी त्याला तीन महिन्यांचे वेळापत्रक लिहून दिले. पहिला महिना फक्त चालणे, तेही पहाटे. दर पंधरा दिवसांनी रक्त आणि लघवी. ताप, जुलाब, अपुरी झोप, यांतले काही असेल त्या दिवशी सुट्टी. भरतीत त्याच्या वैद्यकीय तपासणीत काय होईल, ते मी सांगू शकत नाही, असेही बापाला सांगितले. गेल्या आठवड्यात पहाटे स्टँडवरून येताना तो रस्त्यावर दिसला. हळूहळू पळत होता. मागून बाप सायकलवर होता, हँडलला पाण्याची कॅन अडकवलेली.